कडता

सांगलीच्या मार्केट यार्डात
साडेसहाला शेवटचा ट्रक वळतो,
हमाल तोंडावरचे रुमाल झटकतात
आणि गोदामाच्या ओट्यावर माझी शाळा भरते.
शाळा म्हणजे एक बल्ब, चार बारदानं,
आणि हळदीच्या पोत्याला टेकवलेला फळा.
पोतं विकलं गेलं की फळा
दुसऱ्या पोत्याकडं मुक्काम हलवतो.

दिवसा मी इथलाच दिवाणजी.
पट्ट्या लिहितो, चिठ्ठ्या लिहितो,
तोलाई, हमाली, कडता.
शेठ म्हणाले, शिकवा की, पुण्य लागेल.
फक्त बल्ब आठला बंद करा.

पोरं येतात, हळद निवडणाऱ्या बायांची.
दर्याप्पा, जुबेर, नदाफांच्या जुळ्या,
आणि ऐवळ्यांची कस्तुरी.
तिची वही उघडली की आधी वास येतो,
मग अक्षरं दिसतात.
कोपऱ्याकोपऱ्यात पिवळी बोटं उमटलेली.
शाळेतल्या बाईंनी लाल शाईनं लिहिलंय, अस्वच्छ.
तो शेराही तिनं मला वाचून दाखवला,
जोडाक्षराला न अडखळता.

वजाबाकी चालली होती.
वरचा आकडा लहान असला, तर
शेजारच्या घरातून एक उसना घ्यायचा.
"परत कधी द्यायचा?" जुबेर.
पोरं हसली, मीही हसलो.
म्हटलं, वजाबाकीत परत द्यायचा नसतो.
"मग उसना कशाला म्हणताय ओ?"
कस्तुरी हसत नव्हती.
"आन् शेजारी शून्य असंल तर?"
तर त्याच्या पलीकडच्या घरी जायचं.
"आमच्या लायनीत सगळी शून्यंच हायती,"
दर्याप्पा म्हणाला आणि पेन्सिल चावत बसला.

शनिवारी तिनं वहीतून चिठ्ठी काढली.
"सर, हे गणित घ्या."
तिच्या आईची, यल्लव्वाची, आठवड्याची चिठ्ठी.
पोती एकवीस, दर पंचेचाळीस,
नऊशे पंचेचाळीस फक्त.
"आई भिंतीवर रेघा मारती, हळकुंडानं.
पाच-पाचच्या जुड्या.
मी दोनदा मोजल्या. तेवीस हायत्या."

मग तिनं फळ्यावर मांडलं,
एक हजार पस्तीस वजा नऊशे पंचेचाळीस.
पाचातून पाच, शून्य.
तिनातून चार जात नाहीत.
शेजारी शून्य.
ती थांबली नाही. पलीकडं, हजाराच्या घरी गेली,
तिथनं मागून आणलं,
वाटेत शून्याच्या घरात नऊ ठेवले,
आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.
नव्वद.
"बरोबर?"
बरोबर.
"आन् ह्यो दोन तुमचा हाय न्हवं? शेपटीवाला?"

फळ्यावर सकाळपासून माझा एक दोन होता.
चिठ्ठीवर एक.
सख्खे भाऊ बाजारात अचानक भेटावेत
तसे ते एकमेकांकडं बघत राहिले.

ओल असते गं, माती असते, तूट येते.
निवडीतही कडता धरा, असं शेठ सांगतात.
अकरा वर्षं हे शब्द मी
पाठ करून लिहितोय,
त्या संध्याकाळी एकही तोंडातून निघेना.
खिशातून नव्वद काढून पुढं केले.
तिनं हात पाठीमागं नेले.
"हे तुमचं नगं. चिठ्ठी नीट लिवून द्या."

आठ कधीच वाजून गेले होते.
मी खोडलं नाही. नवीन चिठ्ठी लिहिली,
तेवीस, आणि दोनाला मुद्दाम शेपटी काढली.

सोमवारी शेठनी खातं उघडलं,
चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.
"दिवाणजी, कडता विसरलात."
नाही शेठ, म्हटलं. उसना होता.
ते काही बोलले नाहीत.
संध्याकाळी ओट्यावर गेलो
तर होल्डर रिकामा.

जुबेरच्या बापानं टेम्पो तिरका लावला,
दिवे फळ्यावर सोडले.
इतका उजेड आमच्या शाळेत कधीच नव्हता,
डोळ्यांना पाणी यायला लागलं.
मी फळा पुसायला हात उचलला,
एवढ्यात दर्याप्पानं चड्डीच्या खिशातून
घामानं मऊ झालेली
एक घडी बाहेर काढली.